खान्देशच्या उन्हात मेणफुलाची वेल: लावण्यापासून फुलोऱ्यापर्यंत

हिवाळ्यात नर्सरीतून हौसेने आणलेली होयाची, म्हणजे मेणफुलाच्या वेलीची, कुंडी अखाजी (अक्षय तृतीया) येईस्तोवर मान टाकते, ही तक्रार जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या बागवेड्यांकडून सारखी ऐकू येते. मग "आपल्या हवेत हे झाड येतच नाही" असं म्हणून माणूस नाद सोडतो. मला हे अजिबात पटत नाही. होया आपल्याकडे येते, वर्षानुवर्षं टिकते आणि फुलतेही. फक्त ती जमिनीवरची वेल नाही, हे डोक्यात पक्कं ठेवून तिच्याशी वागावं लागतं. तापीकाठच्या काळ्या मातीवर वाढलेले आपण कुंडीतही तीच माती भरतो. होयाचा घात बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो, उन्हाचा नंबर नंतर लागतो.

म्हणून आधी झाड समजून घेऊ. कुंडी, पाणी, सावली हे सगळं त्यातूनच निघतं.

ही वेल आहे तरी कशी

इथे मी होया कार्नोसा ही जात धरून लिहितो आहे, कारण 'मेणफूल', 'वॅक्स प्लांट' किंवा नुसतं 'होया' म्हणून नर्सरीत सगळ्यात जास्त तीच दिसते. तिचं मूळ घर म्हणजे दक्षिण चीन, तैवान, जपानची दक्षिणेकडची बेटं आणि आग्नेय आशियाचा दमट पट्टा. तिथे ती झाडांच्या खोडांवर, खडकांवर चढते. अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. आंब्यावर येणारं बांडगूळ वेगळं: ते आपली मुळं फांदीत घुसवून झाडाचा रस ओढतं. होया झाडाकडून फक्त आधार घेते. सालीच्या खाचेत साचलेला पालापाचोळा, पावसाचं ओघळणारं पाणी आणि खेळती हवा एवढ्यावर तिचं भागतं. पाऊस पडला की मुळं भिजतात, तासा-दोन तासांत पुन्हा वारा लागून सुकतात. हा भिजण्या-सुकण्याचा फेरा हीच तिच्या मुळांची सवय आहे.

होया ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा हा गट, आपल्याला अगदीच परकी नाही. होया वाइटिआय ही कार्नोसाची बहीण सह्याद्रीच्या ओल्या जंगलांत आपोआप उगवते. कुळाने पाहिलं तर नातं आणखी जवळ येतं. होया, रुई, उतरण, उपळसरी, कण्हेर, देवचाफा, सदाफुली ही सगळी एकाच कुळातली. मोठी रुई आणि होया कार्नोसा यांना तर पूर्वीच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी एकाच प्रजातीत घातलं होतं. 1810 साली रॉबर्ट ब्राउनने होया ही वेगळी प्रजाती केली आणि लंडनजवळच्या सायन हाउसच्या बागेचा प्रमुख माळी टॉमस हॉय याचं नाव तिला दिलं. एका माळ्याचं नाव शेकडो जातींच्या प्रजातीला मिळावं, ही गोष्ट मला फार आवडते.

पान तोडलं की रुईसारखाच पांढरा चीक येतो. रुईच्या चिकाइतका तो जहाल नाही आणि कुत्र्या-मांजरांना ही वेल विषारी मानली जात नाही. तरी छाटणी करताना चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

पानं समोरासमोर जोडीने येतात. जाड, गुळगुळीत, गच्च भरलेली. त्यांत पाणी साठवलेलं असतं. पानांचं दुसरं वैशिष्ट्य डोळ्यांना दिसत नाही, पण आपल्या दृष्टीने ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. बहुतेक झाडं दिवसा पानांची रंध्रं उघडून हवा आत घेतात. होया कार्नोसा निवडुंगाप्रमाणे ती मुख्यतः रात्री उघडते, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा रंध्रं मिटून त्याचं अन्न करते. त्यामुळे दिवसाच्या झळांत तिचं पाणी फार उडत नाही. पण यात एक मेख आहे. रात्र गार असली तरच हा व्यवहार नीट चालतो. मे महिन्यात भुसावळला मध्यरात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात, त्या दिवसांत वेलीला श्वास घ्यायलाच फुरसत मिळत नाही. ती वाढ थांबवते आणि साठ्यावर जगते. उन्हाळ्यात तिची रात्र कशी गार करता येईल, हा प्रश्न म्हणूनच दुपारच्या सावलीइतकाच मोठा आहे. त्याकडे पुढे येतो.

आता फूल. एका लहान देठाच्या टोकाशी वीस-पंचवीस फुलांचा गोल झुबका येतो. एकेक फूल साधारण दीड ते दोन सेंटिमीटरचं. खालच्या पाच पाकळ्या फिकट गुलाबी, आणि भिंगातून पाहिलं तर त्यांच्यावर बारीक मखमली लव दिसते. त्यांच्या मधोमध पाच टोकांचा दुसरा तारा, मेणासारखा चकाकणारा, आत लालसर ठिपका असलेला. हा मधला तारा म्हणजे पाकळ्या नव्हेत, तो पुंकेसरांशी जोडलेला मुकुट आहे. पराग सुटे नसतात. ते दोन-दोन पुडक्यांत बांधलेले असतात आणि मुकुटाच्या फटीत पाय अडकलेल्या किड्याला ते चिकटतात. रुईच्या फुलातही हीच रचना आहे, तिचं फूल उघडून पाहा म्हणजे पटेल. होयाचा सुगंध संध्याकाळनंतर वाढतो, कारण तिचे खरे पाहुणे रात्रीचे पतंग. जपानमधल्या अमामी बेटावर तर मोठे निशाचर पतंग पायांवरून हे परागपुंज नेताना आढळले आहेत. आपल्या अंगणात फळ धरणं दुर्मीळच. धरलंच, तर लांबट शेंग उकलून रुईसारख्याच रेशमी म्हाताऱ्या उडतात.

रोप कोणतं घ्यावं

पहिलं रोप साध्या हिरव्या पानांचं घ्या. पांढऱ्या कडेचं किंवा मधे पांढरा-गुलाबी पट्टा असलेलं रोप दिसायला देखणं, पण पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं. तो भाग आपल्या उन्हात आधी करपतो आणि झाड एकूणच हळू वाढतं. दोरीसारखी पिळलेली, सुरकुतलेल्या पानांची 'कॉम्पॅक्टा' नावाची जात मिळते. तिच्या पानांच्या घड्यांत पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी दिसणारी कीड) लपला की काढणं कठीण, म्हणून नवशिक्याने तिच्यापासून दूर राहावं. पानांवर रुपेरी शिंतोडे असलेली होया पुबिकॅलिक्स ही फिलिपिन्सची जात पुष्कळदा कार्नोसा म्हणूनच विकली जाते. तशी मिळाली तर खुशाल घ्या, ती उन्हाळा जास्त खंबीरपणे काढते.

फेब्रुवारीमध्ये कुंडीत टोचलेलं बदामाच्या आकाराचं एकच जाड पान विकायला येतं. ते होया केरीचं. देठाला खोडाचा पेर जोडलेला नसेल तर त्या पानाला मुळं फुटतील, ते काही वर्षं हिरवं राहील, पण त्याची वेल कधीच होणार नाही. वेल हवी असेल तर निदान दोन पानांचं, पेर असलेलं रोप मागा.

घेताना पानाची खालची बाजू आणि पानाचा बगलेकडचा सांधा नीट पाहा. तिथे कापसासारखं पांढरं काही दिसलं तर ते रोप तिथेच ठेवा. खरेदीची वेळ म्हणाल तर जुलै ते ऑक्टोबर. मार्च-एप्रिलमध्ये आणलेल्या रोपाला रुजायला वेळच मिळत नाही.

कुंडी भरताना मातीला सुट्टी

काळी माती कापसाला आणि केळीला सोन्यासारखी. ती पाणी धरते, ओली असताना फुगते, सुकली की आवळते आणि भेगाळते. होयाची मुळं अशा मातीत ओलेपणी गुदमरतात आणि सुकताना तुटतात. तेव्हा माती वगळूनच टाका. मी सुचवतो ते मिश्रण असं: नारळाच्या सालीचे बोराएवढे तुकडे तीन भाग, लाकडी कोळशाचे तुकडे एक भाग, भाजक्या विटेचे खडे एक भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग आणि चाळलेलं गांडूळखत अर्धा भाग. दमट हवेच्या गावात कोकोपीट टाळायला सांगतात. आपल्या कोरड्या हवेत मात्र थोडं हवंच, नाहीतर मेमध्ये कुंडी दुपारपर्यंत ठणठणीत होते.

काही गोष्टी बघून घ्या. नारळाची साल आणि कोकोपीट यांत मीठ असतं. ते रात्रभर भिजवून पाणी फेकून द्या, असं दोन-तीन वेळा करा. कोळसा लाकडी हवा, इस्त्रीवाल्याकडे मिळतो तो चालतो, दगडी कोळसा नको. विटेचे खडे भट्टीवरचे घ्या, पाडलेल्या भिंतीचे नको, कारण त्यांना चुना-सिमेंट चिकटलेलं असतं.

कुंडी मातीचीच, चार ते सहा इंचांची. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने मातीची कुंडी मुळांना गार ठेवते, आणि आपल्या कोरड्या हवेत तो फायदा दमट गावांपेक्षा जास्त मिळतो. प्लास्टिकची काळी कुंडी उन्हात हाताला चटका देते, तिच्यातली मुळं अक्षरशः शिजतात. मोठी कुंडी घेण्याचा मोह आवरा. मुळांना पुरून उरेल एवढं मिश्रण असलं की मधला भाग ओलाच राहतो आणि तिथून सड सुरू होते. मुळांनी कुंडी भरून टाकलेली वेल फुलतेही बरी. कुंडी बदलायची वेळ दोन-तीन वर्षांतून एकदा येते, आणि तेव्हाही एकाच मापाने मोठी घ्यायची.

जागा आणि उजेड

पूर्वेची गॅलरी किंवा पूर्वेची खिडकी ही पहिली पसंती. पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंत सकाळचं दोन-तीन तासांचं थेट ऊन तिला मानवतं. नुसत्या सावलीत झाड जगतं, पानं गर्द हिरवी दिसतात, पण फुलत नाही. होया फुलत नाही अशी तक्रार असेल तर दहातल्या आठ वेळा कारण अपुरा उजेड हेच निघतं. पानांवर किंचित तांबूस छटा आली की उजेड भरपूर आहे असं समजा. पानं पिवळट-फिकी पडली, डाग भाजल्यासारखे तपकिरी दिसले, तर तो जास्त झाला.

होळीनंतर हिशेब बदलतो. सकाळी आठ-नऊनंतर थेट ऊन बंद. पश्चिमेची भिंत, पत्र्याखालची जागा आणि लोखंडी ग्रिल या तीन ठिकाणी उन्हाळ्यात कुंडी नको. ग्रिलवर टेकलेली कोवळी वेल लोखंडाच्या चटक्यानेच काळी पडते. पन्नास किंवा पंचाहत्तर टक्के सावलीची हिरवी शेडनेट लावली तर गच्चीवरही भागतं, पण तिच्याखाली हवा खेळती हवी. जुन्या धाब्याच्या घरात राहणाऱ्यांनी तर ओसरी सोडून दुसरीकडे बघूच नये. जाड मातीच्या भिंतींमुळे तिथली दुपार आणि रात्र दोन्ही सौम्य असतात.

पाणी कधी, कसलं आणि किती

वार ठरवून पाणी देऊ नका. खालचं एक जुनं, जाड पान दोन बोटांत धरून हलकेच दुमडून बघा. ताठ असेल, दुमडायला नकार देत असेल, तर वेलीकडे पाणी आहे. सहज वाकलं, किंचित मऊ लागलं, तर द्यायची वेळ झाली. जोडीला कुंडी उचलून बघायची सवय लावा. भिजलेल्या आणि सुकलेल्या कुंडीच्या वजनातला फरक काही दिवसांत हाताला कळायला लागतो. दिलं की मात्र खालच्या भोकातून वाहेपर्यंत द्या, आणि बशीत साचलेलं ओतून टाका.

एक खूण फसवते. सुरकुतलेली पानं तहानेनेही होतात आणि मुळं सडल्यानेही, कारण सडलेलं मूळ पाणी ओढूच शकत नाही. मिश्रण ओलं आणि पान तरी मऊ, असं दिसलं तर आणखी पाणी घालू नका. कुंडीतून काढा, काळी लिबलिबीत मुळं कापा, आणि वरची निरोगी फांदी कलमासाठी वापरा.

आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्याचे क्षार मातीच्या कुंडीवर पांढऱ्या थराने दिसतात आणि आत मुळांवरही साचतात, पानांच्या कडा त्यामुळे करपतात. पावसाचं पाणी झाकणाच्या ड्रममध्ये साठवून ठेवलं तर उत्तम. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही क्षारमुक्त असतं, ते वापरा. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी आणि कुलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मात्र कधीही नको, त्यांत क्षार आणखी दाट झालेले असतात. बोअरशिवाय पर्यायच नसेल तर महिन्यातून एकदा मिळेल त्या गोड पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढा.

अखाजी ते मृग: खरी परीक्षा

या दीड महिन्यात उद्दिष्ट एकच, वेल जगवणं. वाढ, फूल, खत सगळं विसरा. खत तर अजिबात नको, थांबलेली मुळं ते घेत नाहीत आणि क्षार वाढतात.

दुपारच्या झळा अडवायला कुंडीच्या पश्चिमेला ओलं गोणपाट टांगा. पाणी संध्याकाळी सूर्य कलल्यावर द्या, तापल्या कुंडीत भर दुपारी नको. रात्री झोपण्याआधी कुंडीभोवतीची फरशी भिजवा आणि शक्य असेल तर कुंडी वाळू-पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवा, तळ पाण्याला न टेकता. रंध्रं उघडायच्या वेळेला हवा थोडी गार आणि ओलसर मिळाली की वेलीला मोठाच आधार होतो. पानांवर फवारा मारायचा तर साध्या बोअरच्या पाण्याने नको, डाग पडतात.

आणि आपल्या घराघरांत असलेली एक सोय फुकट वाया जाते, ती म्हणजे कुलर. ज्या खोलीत कुलर चालतो तिथली हवा एप्रिल-मेमध्ये बाहेरपेक्षा कितीतरी गार आणि दमट असते. त्या खोलीच्या उजेडाच्या खिडकीशी होया ठेवा. कुलरच्या थेट झोताखाली नको, बाजूला. बाहेर पारा 45 च्या वर असताना आत ही वेल निवांत असते.

मेअखेरीस वळवाची वादळं येतात. रावेर-यावलच्या केळीबागा ज्या वाऱ्याने लोळतात तोच वारा टांगलेल्या कुंड्या भिरकावतो. ढग भरून आले की कुंड्या खाली उतरवा.

हिवाळ्याचं थोडक्यात सांगतो. धुळ्यात काही रात्री पारा 6 अंशांच्याही खाली जातो, आणि होयाला 10 च्या खालचं थंड फार वेळ सोसत नाही. अशा रात्री कुंडी घरात घ्या आणि पाणी खूप कमी करा. थोडा गारवा आणि थोडी कोरड तिला पुढच्या बहरासाठी उपयोगी पडते, म्हणून उगीच उबेत गुंडाळून ठेवू नका.

फुलोरा धरण्यासाठी

रोप दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत फुलांची घाई नको. वाढीला लागलेली वेल पानं नसलेली लांबच लांब दोरी सोडते. ती निरुपयोगी वाटते आणि लोक कापतात. कापू नका, ती आधार शोधणारी फांदी आहे, पानं मागाहून येतात. तारेच्या कड्याभोवती किंवा सुतळीवर तिला अलगद वळवा, ओढून बांधू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फुलांचा देठ. झुबका गळाला की सुकलेली फुलं झडू द्या, पण तो बोटभर देठ राहू द्या. पुढचा झुबका त्याच देठाच्या टोकावर येतो. जवळून पाहिलं तर जुन्या देठाच्या टोकाला प्रत्येक बहराच्या बारीक खुणांचे वेढे दिसतात, आणि दरवेळी तो थोडा लांबतो. असा देठ कापणं म्हणजे पुढच्या सगळ्या झुबक्यांवर पाणी सोडणं.

थंडी ओसरल्यापासून पावसाळा संपेपर्यंत कधीही कळ्या येऊ शकतात. एप्रिलच्या झळांत धरलेल्या कळ्या पिवळ्या पडून गळाल्या तर खचू नका, देठ शाबूत आहे, पावसात तो पुन्हा धरेल. कळ्या दिसल्यावर कुंडीची जागा किंवा तोंड बदलू नका आणि मिश्रण पूर्ण सुकू देऊ नका.

खत हलकंच. शेतकऱ्याच्या घरी ठिबकसाठी 19:19:19 (आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांच्या टक्क्यांचे) हे विद्राव्य खत असतंच, ते लिटरला अर्धा ग्रॅम, मृगापासून दिवाळीपर्यंत पंधरा-वीस दिवसांनी, आधी साध्या पाण्याने भिजवलेल्या कुंडीत. वेल फुलण्याजोगी झाली की यातल्या एखाद्या खेपेला त्याच प्रमाणात 0:52:34 द्या. शेतातला डोस इथे चालवू नका.

फुलातून मध ठिबकतो, फरशी चिकट होते, मुंग्या येतात. त्या फुलाला काही करत नाहीत. पण मुंग्या खोडावर ये-जा करत असतील तर पिठ्या ढेकूण शोधा, त्याला अंगाखांद्यावर वागवणाऱ्या त्याच असतात.

कीड

कपाशीवरचा पिठ्या ढेकूण इथलं प्रत्येक घर ओळखतं, होयावरही तोच मुख्य शत्रू. मोजके असतील तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपा. जास्त असतील तर लिटरला 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने तीनदा, पानांच्या खालून.

कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांवर पिवळाधमक, काळ्या पायांचा मावा दिसला तर कुंपणाकडे बघा. तो रुई आणि कण्हेरीवरचा मावा आहे, कुळाचं नातं त्याला बरोबर कळतं. होयाची कुंडी या दोन झाडांपासून लांब ठेवा आणि मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन टाका. उन्हाळ्यात पानं फिकी, धुळकट, खाली बारीक जाळं असं दिसलं तर लाल कोळी आहे. कोरडी हवा हेच त्याचं बळ, म्हणून पानं दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसत राहणं हा त्यावरचा पहिला उपाय.

कलमं

श्रावणात, कानबाईचे रोट होतात त्या सुमारास हवा ओलसर आणि मवाळ असते. कलमांना याहून चांगली वेळ नाही. फार कोवळी नाही, फार जून नाही अशी दोन-तीन पेरांची फांदी पेराच्या किंचित खाली कापा. चीक थांबेपर्यंत टोक पाण्यात बुडवा, मग सावलीत काही तास सुकू द्या. खालच्या पेराची पानं काढून तो पेर भिजवलेल्या कोकोपीट आणि विटेच्या बारीक खड्यांच्या मिश्रणात पुरा. मुळं पेरातून फुटतात, म्हणून पेर वर राहिला तर सगळी मेहनत वाया. वरून पारदर्शक पिशवी सैल घाला, रोज थोडा वेळ उघडा, उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. फांदी हलके ओढून पाहा: अडली तर रुजली. पिशवी एकदम न काढता आठवडाभरात हळूहळू उघडी करा. या रोपाला पहिल्या उन्हाळ्यात कुलरच्या खोलीत जागा राखून ठेवा.